पाणी तुंबतं तिथे बाग नको

पावसाचं पाणी अडवणारी बाग किंवा शोषखड्डा मुंबईत कुठे करावा, असं दहा जणांना विचारा. नऊ जण हिंदमाता, मिलन सबवे, गांधी मार्केट, अंधेरी सबवे हीच नावं घेतील. जिथे गुडघाभर पाणी, तिथेच इलाज, हे ऐकायला पटतं. पण अशा कामासाठी या शहरातल्या सगळ्यात वाईट जागांमध्ये यांचाच नंबर वरचा आहे.

कारण साधं आहे. हिंदमाताला पडलेल्या पावसाने हिंदमाता बुडत नाही. आजूबाजूच्या परळ, दादर, नायगावच्या रस्त्यांवरून, गच्च्यांवरून, चाळींच्या अंगणांतून वाहत येणारं पाणी त्या बशीच्या तळाशी गोळा होतं. तिथे पोचेपर्यंत ते इतकं जमा झालेलं असतं की एखादी बाग पाचदहा मिनिटांत भरून जाते आणि उरलेला दिवसभर नुसती पाण्याखाली उभी राहते. शिवाय तोवर गटारं उलटी फिरलेली असतात, म्हणजे बागेत नुसतं पावसाचं पाणी येत नाही, मैलाही येतो. हिंदमातासाठी पालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठाल्या टाक्या बांधल्या आणि पंप लावून पाणी तिकडे न्यायची सोय केली. तळाशी असाच इलाज लागतो: टाकी आणि पंप. हिरव्या इलाजाची जागा वरच्या अंगाला.

हिरवा इलाज म्हणजे तरी काय? पाणी पाइपात घालून लवकरात लवकर समुद्राला पोचवण्याऐवजी वाटेत ठिकठिकाणी माती, झाडं, वाळू, खडी यांच्या मदतीने थोपवून धरणाऱ्या लहान लहान रचना. रस्त्याकडेची खोलगट बाग, जिला रेन गार्डन म्हणतात. झाडांच्या रांगेखालचा खडी भरलेला चर. फटींतून पाणी खाली जाऊ देणारी फरसबंदी. पावसाळ्यापुरतं तळं होणारं खोलगट मैदान. गच्चीचं पाणी जुन्या विहिरीत सोडणारा पाइप. यातलं एकही एकट्याने शहर वाचवत नाही. योग्य जागी पुरेशा संख्येने असतील तर मात्र पाणी तळाशी पोचण्याची वेळ पुढे ढकलतात.

महाराष्ट्रात ही कल्पना कुणाला नवी वाटायचं कारण नाही. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला रांगायला, रांगणाऱ्याला थांबायला आणि थांबलेल्याला जिरायला, हे पाणलोटाच्या कामावर गेलेल्या कुणालाही तोंडपाठ असतं. कामाचा क्रमही ठरलेला: माथा ते पायथा. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग उतारावर बांध, सगळ्यात शेवटी नाल्यावर बंधारा. खालचा बंधारा आधी बांधला तर एका पावसात गाळाने भरतो, हे गावातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शहरात आलो की आपण हे विसरतो आणि थेट नाल्याकडे धावतो.

मुंबईला माथा आहे. दक्षिणेत मलबार हिल आणि कंबाला हिल, ज्यांच्या पायथ्याशी नाना चौक, ग्रँट रोड, ताडदेव. वांद्र्याला पाली हिल. उत्तरेला तर साक्षात राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आरे, पवई. तिथूनच मिठी, ओशिवरा, पोयसर, दहिसर या नद्या निघतात. पण गावची रीत जशीच्या तशी इथे उचलता येत नाही. गावाला पाणी उन्हाळ्यात विहिरीत हवं असतं. मुंबईला ते पुढचे तीन-चार तास रस्त्यावर नको असतं. हा फरक लहान दिसतो, पण जागेची निवड त्यानेच बदलते.

याचं कारण भरती. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांची समुद्राला मिळणारी बरीचशी तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्र चढला की पाणी आपोआप बाहेर जाणं थांबतं, आणि जिथे दारं नाहीत तिथे समुद्रच आत शिरू बघतो. म्हणून तर साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पालिका आधीच जाहीर करते आणि पेपरात त्यांची यादी छापून येते. हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध ही उदंचन केंद्रं, म्हणजे पंपाने पाणी बाहेर ढकलणारी केंद्रं, याचसाठी बांधली. भरती आणि ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं. ऐन भरतीला पडलेला पाऊस ओहोटी लागेपर्यंत वर कुठेतरी थोपवता आला तर निम्मी लढाई जिंकली. त्यामुळे मुंबईत ‘जिरायला लावा’ नाही जमलं तरी चालतं. ‘थांबायला लावा’ जमलंच पाहिजे. बागेच्या तळाशी एक बारीक भोक असलेला पाइप ठेवून पाणी सावकाश गटारात सोडलं, तरी काम झालं.

दुसरी गोष्ट जुन्या हिशेबाची. मुंबईच्या जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या होत्या, तेही ओहोटी असताना. आणि त्या हिशेबात पडलेल्या पावसातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरलेलं होतं. तेव्हा ते खरंही असेल. १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने, म्हणजे मुंबईच्या पर्जन्यवाहिन्या सुधारायच्या आराखड्याने, ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरवर न्यायला सांगितलं; काम खऱ्या अर्थाने हललं ते २००५च्या प्रलयानंतर. पण मधल्या काळात ती निम्मं पाणी पिणारी जमीनच गेली. वाडीचं अंगण पार्किंग झालं, पार्किंगचं पोडियम झालं, रस्त्याच्या कडेची मातीची पट्टी पेव्हर ब्लॉकखाली गेली. हिरवी कामं करायची म्हणजे या हरवलेल्या निम्म्यातलं थोडंसं परत मिळवायचं. याहून मोठा दावा कुणी केला तर सावध राहावं.

किती जागा लागते, याचा हिशेब घरी बसून करता येतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका सोसायटीची गच्ची आणि काँक्रीटचं अंगण मिळून ५०० चौरस मीटर धरू. ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातलं ९० टक्के वाहून निघालं, तर २२,५०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सव्वादोन टँकर. आता दहा बाय पाच मीटरची बाग घ्या. ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ३० सेंटिमीटर खोलगट असेल तर वरच्या वर १५,००० लिटर मावतात. खाली ६० सेंटिमीटर भुसभुशीत वाळूमिश्रित माती, तिच्यात चौथाई पोकळी, म्हणजे आणखी ७,५००. बेरीज बरोबर २२,५००. थोडक्यात, ५० मिलिमीटर पाऊस झेलायचा तर पाणी आणणाऱ्या क्षेत्राच्या एक दशांश जागा बागेला हवी, आणि हेही बाजू उभ्या असल्या आणि माती कोरडी असली तर. कडा उतरत्या ठेवाव्याच लागतात, म्हणून प्रत्यक्षात जागा जास्तच लागते.

आता हाच हिशेब मोठा करा. एखाद्या सखल भागाकडे शंभर हेक्टरवरचं पाणी येत असेल तर दहा हेक्टर बाग हवी. शिवाजी पार्क साधारण अकरा हेक्टरचं आहे. एवढी सलग जागा मुंबईत कोण देणार? म्हणून ती पन्नास-पन्नास चौरस मीटरच्या दोन हजार तुकड्यांत शोधावी लागते: शाळेच्या आवारात, पोलीस वसाहतीत, सोसायटीच्या मागच्या गल्लीत, दुभाजकात, बसथांब्यामागे. ‘जागा निवडणे’ हा जो स्वतंत्र अभ्यास झाला आहे तो या दोन हजार तुकड्यांमुळे. एकच मोठी जागा शोधायची असती तर नकाशावर बोट ठेवून काम भागलं असतं.

या तुकड्यांची चाळणी कशी करायची? पहिला प्रश्न मातीचा नाही, पाण्याचा आहे: इथे पाणी येतं का? नवल वाटेल, पण बऱ्याच सुंदर रेन गार्डन कोरड्या राहतात, कारण रस्त्याचा उतार दुसऱ्या बाजूला असतो. उपग्रहावरून काढलेले उंचीचे नकाशे इथे फसवतात. फुकट मिळणाऱ्या नकाशांत एकेक चौकोन तीस मीटरचा. त्यात आपली अख्खी गल्ली मावते. उड्डाणपूल त्याला टेकडी वाटतो. आणि पाणी डावीकडे जाणार की उजवीकडे, हे तर मुंबईत चार बोटांच्या फरकावर ठरतं. रस्ता दर वेळी नव्याने करताना थोडा वर चढतो. एकेकाळी रस्त्यावर उतरणारं सोसायटीचं पाणी आता रस्त्याकडून सोसायटीत येतं, हे कुठल्या नकाशात दिसणार? नकाशाने शंभर जागा सुचवाव्यात, पण त्यातल्या कुठल्या खऱ्या हे पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन फिरणाऱ्यालाच कळतं. वॉचमन, फुलवाली, कोपऱ्यावरचा वडापाववाला यांना पाणी कुठून येतं ते सेंटिमीटरमध्ये माहीत असतं.

दुसरा प्रश्न: येतं ते पाणी कसलं आहे? यासाठी सगळ्यात स्वस्त तपासणी फेब्रुवारीत करायची. ज्या गटाराचं पाणी बागेत वळवायचं आहे त्याचं झाकण फेब्रुवारीत उघडून बघा. तेव्हा पाऊस नसतो. तरीही पाणी वाहत असेल तर ते सांडपाणी आहे, कुणाची तरी मोरी किंवा संडास त्या वाहिनीला जोडलेला आहे. अशी जागा सोडून द्यायची, किंवा आधी ती जोडणी तोडायची. मुंबईतल्या किती तरी नाल्यांत बारमाही मैला वाहतो, त्यामुळे ही एकच चाचणी यादीतली पुष्कळ नावं खोडते. गॅरेज, पेट्रोल पंप, जुन्या कारखान्याची जमीन यांचंही तसंच: तिथलं पाणी जमिनीत मुरवलं तर तेल आणि रसायनंही मुरतात.

मग माती. मुंबईखाली मुख्यत्वे काळा बेसॉल्ट आहे, त्यावर कुठे मुरूम, कुठे भराव, खाडीकडे चिकणमाती आणि दादर-माहीम-जुहूच्या किनारपट्टीला वाळू. वाळू पाणी झटकन पिते, मुरूम बऱ्यापैकी, खाडीची चिकणमाती जवळपास नाहीच. धोबी तलाव, गोवालिया टँक इथली तळी कधीच बुजवली गेली. पूर्वी पाण्याची जागा होती म्हणून आजही पाणी मुरेल असं समजू नये, खाली काय टाकून बुजवलंय ते खणल्याशिवाय कळत नाही. चाचणी सोपी आहे. फूटभर खोल खड्डा घ्यायचा, पाण्याने भरून जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि पट्टी लावून तासाभरात पातळी किती उतरली ते बघायचं. सव्वा सेंटिमीटरहून कमी उतरली तर केवळ मुरवण्यावर विसंबू नये. तळाला निचऱ्याचा पाइप हवाच.

ही चाचणी जवळजवळ सगळेच मे महिन्यात करतात, कारण ठेकेदाराला तेव्हा सवड असते. मेमधली जमीन आठ महिने तहानलेली असते, ती काहीही पिते. बागेला काम करायचंय जुलैत, जेव्हा माती आधीच भिजून गच्च झालेली असते आणि भूजल वर आलेलं असतं. परदेशातल्या मार्गदर्शिकांत दोन पावसांच्या मध्ये बाग सुकेल असं गृहीत असतं. आपल्याकडे आषाढात आठवडाभर ती सुकतच नाही. म्हणून चाचणी जुलैतच करावी, आणि खड्ड्याच्या तळापासून पावसाळ्यातल्या भूजलापर्यंत किमान दोन-तीन फूट अंतर राहतं का तेही तेव्हाच बघावं. कुर्ला, सायन, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या खाडीलगतच्या पट्ट्यात ते बहुतेक वेळा राहत नाही. तिथे मुरवायचा नाद सोडून वरच्या वर साठवायचं, ओहोटीला सोडायचं.

उताराचा मुद्दा इथे जिवावरचा आहे. माथा म्हटलं की डोंगरावर चर खणायचे, ही गावची सवय मुंबईच्या डोंगरावर आणली तर माणसं मरतील. १८ जुलै २०२१च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरमध्ये आणि विक्रोळीच्या सूर्यानगरमध्ये डोंगराकडच्या घरांवर दरड आणि भिंती कोसळल्या. ऑगस्ट २०२०मध्ये मलबार हिलची संरक्षक भिंत खाली आली. तीव्र उतारावरची माती पाण्याने भरली की कणाकणांमधला दाब वाढतो आणि तिचा एकमेकांना धरून ठेवायचा जोर जातो. अशा उतारावर पाणी मुरवायचं नाही, भक्कम पन्हळीतून सांभाळून खाली आणायचं आणि डोंगर संपून जमीन सपाट व्हायला लागते तिथे अडवायचं. इमारतींच्या पायापासूनही निदान दहा फूट लांब. जुन्या चाळींच्या बाबतीत मी तर त्याहून जास्त ठेवीन.

बाकी अडथळे भराभर सांगतो. जमिनीखाली पाण्याच्या, गॅसच्या, विजेच्या, फोनच्या तारा-नळ्या असतात आणि त्यांचे नकाशे भरवशाचे नसतात, त्यामुळे आधी चाचणी खड्डा. मोठं झाड असेल तर त्याची मुळं तोडून बाग करण्यात अर्थ नाही; ते झाड स्वतःच पाणी अडवतंय. आणि डास. अंड्यापासून डास उडायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून पाणी दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत उतरलंच पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियापायीच मुंबईतल्या कितीतरी विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. तेव्हा शेजारच्या काकूंनी ‘डास होतील’ म्हटलं तर त्यांना अडाणी समजू नये. त्यांना दोन दिवसांत उतरलेलं पाणी दाखवावं.

एवढ्या कसोट्या झाल्या की तज्ज्ञ मंडळी त्यांचे नकाशे एकावर एक ठेवतात. मातीला इतके गुण, उताराला इतके, मोकळ्या जागेला इतके, पूरग्रस्त वस्तीच्या जवळिकीला इतके. बेरीज करून जागांना क्रम द्यायचा. पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक खोट आहे. समजा एका उद्यानाला मातीचे दहापैकी दहा, जागेचे दहा, मालकीचे दहा आणि पाण्याच्या आवकेचा शून्य. बेरीज तीस. दुसऱ्या एका गल्लीला सगळ्यात सहा-सहा, बेरीज चोवीस. यादीत उद्यान वर येतं, जिथे पाण्याचा थेंब वळत नाही. काही कसोट्या बेरजेत घालायच्याच नसतात. त्या आधी दारावर उभ्या करायच्या. पाणी येत नाही, मैला येतो, दरड कोसळू शकते, यातलं एक जरी खरं असलं तरी जागा बाद. उरलेल्यांना मग खुशाल गुण द्या. आणि कुणाला किती वजन द्यायचं हा गणिताचा प्रश्न नाही, धोरणाचा आहे. पूरग्रस्त वस्तीला वजन कमी दिलं की यादी आपोआप मोकळ्या जागा असलेल्या सुखवस्तू भागाकडे सरकते, आणि कुणी पक्षपात केला असं कागदावर दिसतही नाही.

दुसऱ्या शहरांच्या कसोट्या उसन्या आणतानाही हे बघावं लागतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने २०११मध्ये पंचवीस वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला: जवळपास दहा हजार एकरांवरचा पहिला इंचभर पाऊस हिरव्या रचनांत अडवायचा. तिथे पावसाचं आणि सांडपाण्याचं गटार बऱ्याच भागात एकच आहे आणि जरा पाऊस झाला की मैला नदीत जातो. त्यांचा रोख नदी स्वच्छ ठेवण्यावर आहे, म्हणून त्यांच्या जागा त्या गटारांच्या वाटेवर. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ला दोन तासांत साधारण दीडशे मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यांनी पुढच्या वर्षी ढगफुटीसाठी वेगळा आराखडा केला आणि एंगहावेपार्केनसारखी बाग खोलगट करून तिचाच तलाव होईल अशी रचना केली. मुंबईला दुसरा धडा जास्त जवळचा. आपली मैदानं जुलै-ऑगस्टात तशीही चिखलामुळे ओस पडतात, नेमकी पाणी साठवायला हवी असतात तेव्हाच. एक अडचण गणपतीची: मंडप पडायच्या सुमाराला पाऊस गेलेला नसतो. मंडळाशी आधी बोलून मांडवाचा कोपरा उंच ठेवला तर दोन्ही साधतं.

सगळ्यात अवघड कसोटी मात्र कुठल्याच नकाशावर नसते. मिठी चढली की कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधल्या लोकांना घरं सोडून शाळांत जावं लागतं. ते पाणी येतं वरून: पवई, आरे, मरोळ, साकीनाका, विमानतळाचा परिसर. म्हणजे क्रांतीनगरसाठी खड्डे खणायचे मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आणि पवईच्या सोसायट्यांत. तिथले लोक म्हणणार, आमच्याकडे कुठे पाणी तुंबतं? पार्किंगच्या चार जागा जाणार आमच्या, झाडलोट आमची, आणि कोरडं राहणार कुर्ला. गावात माथा आणि पायथा एकाच ग्रामसभेत बसतात. वरच्या शिवारात चर खणला की खालच्या विहिरीचं पाणी कुणाच्या तरी भावाच्याच शेतात जातं. मुंबईत पवई, मरोळ आणि कुर्ला वेगवेगळ्या वॉर्डांत पडतात, नगरसेवक वेगळे, निधी वेगळा. माझ्या मते या कामातली खरी गाठ ही आहे. पाणलोट हे एकक धरून पैसा खर्च करायची सोय झाली नाही तोवर प्रत्येक वॉर्ड आपापल्या हद्दीतल्या डबक्यापाशीच बाग करत राहणार, कारण लोकांना दाखवायला तीच जागा बरी.

विभागांचीही तीच गत. रस्ता एका विभागाचा, वाहिनी पर्जन्य जलवाहिन्या विभागाची, झाड उद्यान विभागाचं, बागेच्या तोंडाशी अडकलेली वेफर्सची पिशवी घनकचरा विभागाची. आणि जमीन रेल्वेची, म्हाडाची, बंदराची किंवा कलेक्टरची असेल तर विचारूच नका. म्हणून सुरुवातीच्या जागा निवडताना मी मालक एकच असलेल्या जागा वर घेईन, मातीत थोड्या कमी पडल्या तरी: पालिकेच्या शाळा, पालिकेची रुग्णालयं, मोठ्या वसाहती. शाळेच्या गच्चीचं पाणी स्वच्छ असतं, वाट माहीत असते, शिपाई असतो, आणि मुलांना पाण्याची पातळी मोजायला आवडतं.

वेळेलाही जागेइतकंच महत्त्व आहे. रस्ता सिमेंटचा होत असताना कडेच्या दगडात पाणी आत शिरायला फट ठेवणं आणि मागे चर सोडणं जवळजवळ फुकटात होतं. तोच रस्ता पूर्ण झाल्यावर फोडायचा तर खर्चही होतो आणि परवानगीही मिळत नाही. पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीचंही तसंच. आराखडा मंजूर होण्याआधी जमिनीशी थेट जोडलेला मोकळा तुकडा राखून ठेवला तर राहतो. एकदा तळघर चारी बाजूंनी हद्दीपर्यंत गेलं की वरच्या पोडियमवरची हिरवळ कुंडीतली हिरवळ असते. म्हणून जागांच्या यादीशेजारी दुसरी यादी हवी: पुढच्या दोन वर्षांत कुठे काय खणलं जाणार आहे. दोन्ही यादीत असलेल्या जागा आधी.

आणि ज्या जागा आधीच हे काम करतात त्यांना यादीत शून्य खर्चाचा पहिला क्रमांक. आरे, राष्ट्रीय उद्यान, खाडीकाठची तिवरं, वडाळा-कांजूर-भांडुप-मुलुंडची मिठागरं. मिठागर भराव टाकून उंच करायचं आणि मग शेजारच्या दुभाजकात रेन गार्डन लावायची, याला काय म्हणावं?

अपेक्षाही मापात हवी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वेळी कुलाब्याला पाऊणशेच्या आसपास. वरच्या हिशेबातली बाग पन्नास मिलिमीटरची. २०१५पासून पावसाचं पाणी शोषून घेणाऱ्या ‘स्पंज शहरां’वर प्रचंड पैसा ओतणाऱ्या चीनमध्येही २० जुलै २०२१ला झेंगझोऊ शहर एका तासात पडलेल्या २०१.९ मिलिमीटरखाली बुडालं. अशा दिवशी वाहिन्या, पंप, धोक्याची सूचना आणि लोकांना हलवण्याची तयारी हेच उपयोगी. हिरव्या रचना आहेत त्या पावसाळ्यातल्या बाकीच्या शंभर दिवसांसाठी, जेव्हा वीस-पंचवीस मिलिमीटरची एक सर ऐन भरतीला येते आणि ऑफिस सुटायच्या वेळी सबवे बंद पडतो.

तुमच्या सोसायटीला किंवा मंडळाला यातलं काही करून बघायचं असेल तर या पावसाळ्यात एक पैसाही खर्च करू नका. पाणी कुठून आत येतं, कुठे थांबतं, किती वाजता चढलं आणि किती वाजता उतरलं, एवढं एका वहीत लिहा आणि शेजारी त्या दिवसाची भरतीची वेळ. जून ते सप्टेंबरच्या नोंदी हातात आल्या की दोन प्रकार वेगळे दिसतील. भरतीच्या वेळेशी जुळणारं पाणी असेल तर तुम्ही पायथ्याला आहात. तुमचा इलाज वरच्या गल्लीत आहे आणि त्यांच्याशी बोलावं लागेल. भरती असो-नसो, प्रत्येक जोरदार सरीला पाणी येत असेल तर वाट जवळच कुठेतरी अडलेली आहे. आधी गटाराचं तोंड साफ करून घ्या, फेब्रुवारीत झाकण उघडून बघा. आणि पाणी कधीच साचत नसेल पण तुमच्या फाटकातून लोंढा बाहेर रस्त्यावर जात असेल, तर तुम्ही माथ्यावर आहात. बाग तुमच्याकडेच करायची आहे: गच्चीच्या पन्हाळीखाली, पायापासून दहा फूट सोडून, गच्चीच्या निदान एक दशांश आकाराची. तिच्यात वाळा, कर्दळ लावा. दोन दिवस पाण्यात उभं राहणं आणि नंतरचा कोरडा काळ, दोन्ही त्यांना झेपतं. तोंडाशी जाळी बसवा, आणि ती जाळी दर सरीनंतर कोण साफ करणार त्याचं नाव सोसायटीच्या मीटिंगमध्ये आधीच ठरवून घ्या.